अख्खी ऐकायची कॅसेट: तुमचे पाठ झालेले अल्बम कोणते?

बी_बाजू (धागाकर्ता)

परवा रविवारी सकाळी लेकीने स्वतःहून विचारलं, "बाबा, तुमचं ते संतूरवालं लावू का?" मला भरून यायचंच बाकी होतं. तिने फोनवर 'कॉल ऑफ द व्हॅली' लावलं आणि मी कांदा चिरता चिरता ओरडलो, "अगं, सकाळी सकाळी पहाडी कुठून आला?"

शफल चालू होतं. "गाणी तीच आहेत ना सगळी?" इति लेक.

तीच आहेत, पण ती गाणी म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, साल १९६७. पहाटे अहीर भैरव, त्यातून नट भैरव, मग पिलू. तिथे पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि शेवटी पहाडी. आमच्या साताऱ्याच्या घरी ही तबकडी बाबांच्या दिवाळीच्या बोनसमधून आली. सुईला हात लावायची परवानगी फक्त त्यांना. पिलू संपला की पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "मेंढपाळ जेवला, पलट आता." तबकडी पलटण्याचं काम माझ्याकडे, सुई ठेवण्याचं त्यांच्याकडे. इतकी काटेकोर कामाची वाटणी आमच्या घरात दुसऱ्या कशाचीच नव्हती.

लेकीच्या शफलमध्ये बिचारा मेंढपाळ आधी रात्री झोपला, मग सकाळी उठला आणि मग संध्याकाळी मेंढरं हुडकत बसला.

गाणं आवडणं वेगळं आणि अल्बम पाठ असणं वेगळं. पाठ असलेल्या अल्बमात एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी जी दोन-तीन सेकंदांची शांतता असते, तिच्यातच पुढचा सूर डोक्यात लागलेला असतो. रेडिओवर तेच गाणं लागलं आणि मागून भलतंच आलं तर पायरी चुकल्यासारखं होतं. असे तुमचे अल्बम सांगा. कुठल्याही प्रकारचं संगीत चालेल. 'निवडक', 'सर्वोत्तम', 'सुवर्णगीते' असले संग्रह चालणार नाहीत. अल्बम हाती कसा आला आणि कुठली बाजू जास्त झिजली, तेही लिहा.

पेन्सिलवाली

मी पयली! माझा 'गारवा'. मिलिंद इंगळे आणि सौमित्र. नव्वदचं दशक संपत आलेलं, पुण्यात होस्टेलवर चौघींत एक टेपरेकॉर्डर आणि त्याचं झाकण तुटलेलं, त्यामुळे कॅसेट बोटाने दाबून धरायला लागायची. पाळ्या लावल्या होत्या दाबायच्या.

त्यात गाण्याआधी सौमित्र कविता वाचतो, ती मला गाण्याहून जास्त पाठ आहे. नंतर कुणीतरी पेनड्राइव्हवर घालून दिलेल्या गाण्यांत कविता कापल्या होत्या, "गाणी लगेच सुरू व्हावीत म्हणून". मी त्या माणसाशी अजून नीट बोलत नाही. सुदैवाने जवळचा नातेवाईक नाही, नवरा आहे.

ए बाजू झिजली. बी बाजूपर्यंत पोचायच्या आत वॉर्डनबाई यायच्या.

तंबोरा_जुळेना

धागा छान आहे, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

आपल्याकडे अल्बम ही चीजच नव्हती. आपलं माप म्हणजे मैफल. ती किती चालेल हे गवई, श्रोते आणि शेवटची बस यांवर ठरायचं. तबकडीने त्यावर कात्री चालवली. ७८ आरपीएमच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी भैरवी मांडून दाखवली हा त्यांचा मोठेपणा, तबकडीचा नाही. पुढे एलपी (जास्त वेळ चालणारी मोठी तबकडी) आली तेव्हा बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. ख्यालगायकीसाठी तीही म्हणजे एसटी स्टँडवरचं जेवण. आणि धागाकर्त्यांचा मेंढपाळ गोड असला तरी तो राग नव्हे, रागांची सहल आहे. (राग मानू नये. कोटी अनवधानाने झाली.)

बी_बाजू

राग मानला नाही. पण मग तुम्हाला एकही तबकडी पाठ नाही?

तंबोरा_जुळेना

कोंडीत पकडलंत.

आहे एक. किशोरीताई आमोणकरांची, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'प्रथम सूर साधे' आणि त्याला लागून 'सहेला रे'. मी त्यांना समोर बसून ऐकलंय, चार-पाच वेळा तरी. तास-तासभराचा विस्तार ऐकलाय. आणि तरीही डोळे मिटून 'भूप' म्हटलं की मनात वाजतो तो त्या तबकडीवरचाच. आलापीतल्या कुठल्या वळणानंतर ताई गंधारावर किती वेळ थांबणार, हे मला माझ्या स्वतःच्या श्वासासारखं माहीत आहे. मैफलीत हे होत नाही, होऊही नये. तिथे पुढचं माहीत नसण्यातच गंमत.

पण या पाठांतराने माझं नुकसानही केलंय. कुणीही भूप गायला बसलं की पहिली दहा मिनिटं मी ऐकत नसतो, जुळवून पाहत असतो. किती गुणी मुलांचा भूप मी असा वाया घालवला असेल.

काळी_दोन

तंबोराराव, तुमच्या 'नुकसाना'वरून आठवलं. माझं नुकसान पेटीचं झालं.

आमच्याकडे परदेशी संगीताचा गंध नव्हता. मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेल्या कॅसेटींत एक निळसर कव्हरची होती. जाझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. मला वाटलं सिनेमाचं पार्श्वसंगीत असेल. तेव्हा मी पेटी शिकत होतो, दिसेल त्यावर साथ करायची खाज. पहिलाच तुकडा ऐकला आणि उडालो. हा तर आपला काफी थाट! पांढरी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरा, गंधार-निषाद कोमल, झालं. मात्र मध्येच ही मंडळी षड्जच उचलून अर्धा स्वर वर नेऊन ठेवतात, आठ आवर्तनं तिथे नांदतात आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत येतात. आमच्या बुवांना ऐकवलं तर म्हणाले, "षड्ज हलवतात? घर हलवतात का रे कोणी?" पण कॅसेट परत दिली नाही, महिनाभर ठेवून घेतली.

आता नुकसान. ती ए बाजू पेटीशी जुळेचना. पांढरी दोन म्हणावी तर चढी, काळी दोन म्हणावी तर उतरलेली, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत. मी समजलो पेटीचे सूर गेले. मिरजेला नेली. कारागिराने तपासून सांगितलं, पेटीला काही झालेलं नाही. माझा विश्वास बसला नाही, परत सूर लावून घेतले. पैसे गेले.

बी_बाजू

तुमचा टेप पळत असणार हो. बॅटरी नवीन असली की आमचाही पळायचा, लताबाई थेट शाळकरी वाटायच्या.

काळी_दोन

मलाही तेच वाटलं होतं. पण मग बी बाजू बरोबर कशी जुळायची? तोच टेप, तीच कॅसेट. बी बाजूला पहिला तुकडा सहा मात्रांत आहे, आरामात दादऱ्याची टाळी देता येते. त्याचा षड्ज पांढरी पाच, अगदी चोख.

उत्तर मिळायला पंधराएक वर्षं लागली. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत, फक्त दोन बैठकींत रेकॉर्ड झालाय. २ मार्च १९५९ आणि २२ एप्रिल १९५९. ए बाजूचे तिन्ही तुकडे मार्चच्या बैठकीतले. त्या दिवशी ज्या टेपमशीनवर मूळ प्रत निघाली ते किंचित हळू चालत होतं. हळू रेकॉर्ड झालेली फीत योग्य वेगाने वाजवली की सूर चढणारच. एप्रिलपर्यंत मशीन ताळ्यावर आलं होतं. नव्वदच्या दशकात, शेजारी चाललेल्या दुसऱ्या मशीनवरच्या फितीवरून सुधारलेली आवृत्ती काढली. म्हणजे तीसेक वर्षं जगभर लोक चढ्या सुरातली ए बाजू ऐकत होते.

आता सुधारलेली ऐकली की पेटीशी तंतोतंत जुळते. आणि खरं सांगू? मला ती खाली पडल्यासारखी वाटते. माझ्या कानात अजून ती लोंबकळणारीच बसली आहे.

तंबोरा_जुळेना

दंडवत. पेटीच्या बिलासह.

लोकल_आठ_बारा

मोठमोठी नावं चाललीत, मी गुपचूप माझं पाप कबूल करतो. एका कॅसेटवर दोन सिनेमे यायचे, आठवतं? ए बाजूला एक, बी बाजूला दुसरा. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नट वेगळे, संगीतकार वेगळे. पण माझ्या डोक्यात त्यांचं लग्न लागलंय. ए बाजूचं शेवटचं रडकं गाणं संपलं की 'खट्' आणि मग बी बाजूचा कॅबरे. आजही ते रडकं गाणं लग्नाच्या वाद्यवृंदात ऐकलं की मी पुढच्या बॉंगोची वाट पाहतो. सिनेमांची नावं सांगत नाही, हसाल.

याला अल्बम म्हणायचं का? नियमात बसत नसेल तर प्रतिसाद उडवावा.

अवांतर: काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये काचेच्या खोलीत हेडफोन लावून ऐकायला मिळायचं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी अख्खे अल्बम हप्त्याहप्त्याने ऐकलेत, सोमवारी पहिली दोन गाणी, मंगळवारी पुढची दोन. विकत घ्यायची ऐपत आली तोवर कॅसेटीच गेल्या, आणि २०१६ मध्ये दुकानही.

मेटलमावशी

बसतंय, बसतंय. नियम मी बदलते.

माझा अल्बम आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा 'पॉवरस्लेव्ह', १९८४. नाशिकला दादाने मित्राकडून टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर भरून आणला होता, पण पठ्ठ्याने कव्हरचा रंगीत फोटोही काढून आणला. त्यावर इजिप्तच्या राजासारखा बसलेला भलामोठा पुतळा, पायऱ्या, खांब. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं गं देवस्थान?" दादा म्हणाला, "दक्षिणेकडचं." त्यानंतर घरात तो आवाज सुरू झाला की आजी शेजारणीला सांगायची, दाक्षिणात्य कीर्तन चालू आहे.

शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर. मध्ये सगळं थांबतं, फक्त जहाजाची लाकडं करकरल्यासारखा आवाज, आणि मग पुन्हा वादळ. बी.ए.ला ती कविता अभ्यासाला होती. वर्गात सरांनी विचारलं, त्या पक्ष्याला मारल्यावर पुढे काय होतं? वर्ग गप्प. मी उभी राहिले आणि सगळी गोष्ट क्रमवार सांगितली, फक्त नकळत पाय आपटत. सर म्हणाले, "मूळ संहिता वाचलेली दिसते." वाचली नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचली, तर मनात चालच यायला लागली. पेपरात दोन ओळी कोलरिजच्या म्हणून लिहिल्या त्या बहुतेक बासवाल्या स्टीव्ह हॅरिसच्या होत्या. मार्क मिळाले.

१७ मार्च २००७ ला मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा पुण्याहून रात्रीच्या बसने गेले. सासूबाईंना सांगितलं, मैत्रिणीकडे केळवण आहे. हे लांबलचक गाणं त्यांनी त्या रात्री वाजवलं नाही. तरी परतीच्या बसमध्ये कुणीतरी सुरू केलं आणि मागच्या चार रांगांनी ते जमेल तेवढं म्हटलं.

पेन्सिलवाली

मावशी, पाय धरते. केळवण!! 😂

मांडवीकाठ

गोव्याचं कोणी काढलं नाही म्हणून मी लिहितो. रेमो फर्नांडिसचा 'गोवन क्रेझी', १९८४. मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओत नव्हे, शिवोलीला घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला. एकेक वाद्य स्वतः वाजवायचं, त्यावर दुसरं चढवायचं. कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानांत नेऊन द्यायचा. आमच्या म्हापश्याच्या नाक्यावरचा दुकानदार म्हणायचा, "गाणारोच येवन दिवन गेलो." आज घराघरांत लॅपटॉपवर अल्बम होतात म्हणून नवल वाटत नाही.

आवाज जाडाभरडा आहे, मान्य. पण आमच्या गावचा माणूस आमच्याबद्दल गातोय, हे कॅसेटवर ऐकणं म्हणजे काय होतं ते पुण्या-मुंबईकरांना कळायचं नाही. तुमच्याबद्दल कायमच कोणी ना कोणी गात आलंय.

राइनकाठी

कोलोनहून रामराम. गावाचं नावच अल्बमला असल्यामुळे मला पर्याय नाही: कीथ जॅरेट, 'द कोल्न कॉन्सर्ट'.

काळी_दोन यांच्या पेटीचा चुलतभाऊ शोभेल असा पियानो आहे यात. २४ जानेवारी १९७५, इथलं ऑपेरा हाउस, मूळ खेळ संपल्यावर रात्री साडेअकराची वेळ, १४०० माणसं. कार्यक्रम ठरवणारी फेरा ब्रांडेस कॉलेजच्या वयाची पोरगी. मागितला होता मैफलीचा मोठा पियानो, मंचावर आला तालमीचा छोटा. वरचे सूर पत्र्यासारखे, खालच्यांत दम नाही, पेडल धड चालेना. जॅरेट पाठदुखीने बेजार, म्हणाला वाजवणार नाही. तिने गाडीपाशी जाऊन गळ घातली. मग तो वाजवायला बसला, आणि वरचे-खालचे सूर टाळून मधल्या पट्टीतच फिरत राहिला. खर्जात जोर नाही म्हणून डाव्या हाताने तीच तीच लय घोळवत ठेवली. तासाभराहून जास्त वेळ, आधी काहीही न ठरवता. तंबोराराव, मैफलच की.

मला हा अल्बम पुण्यात असतानाच पाठ होता. नोकरीसाठी इथे आलो तेव्हा पहिल्याच शनिवारी ऑपेरा बघायला गेलो. इमारत २०१२ पासून दुरुस्तीसाठी बंद होती. पत्रे आणि क्रेन. एका कामगाराला मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, आत जरा डोकावू का? तो म्हणाला, हेल्मेट कुठाय? पत्र्याबाहेर उभा राहून कानात पहिला भाग लावला, सव्वीस मिनिटं. पाऊस होता. फार काही वाटलं नाही, खरं सांगतो. पाय गारठले, घरी आलो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या खोलीत पंख्याच्या कुरकुरीसह ऐकताना जे वाटायचं ते तिथे नव्हतं.

जात्यावरची

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

आमच्या घरी 'अभंग तुकयाचे' होती. लताबाई, संगीत खळेकाका. आई सकाळी चहाला आधण ठेवताना लावायची. बाजू संपेपर्यंत डबे भरून व्हायचे, कॅसेट हेच आमचं घड्याळ. एकदा टेपने फीत गिळली. रोलरभोवती गुंडाळली, आईने ब्लेडने चुरगळलेला तुकडा कापला आणि उरलेली दोन टोकं सेलोटेपने जोडली. तेव्हापासून 'भेटी लागी जीवा'मध्ये एका जागी ओळ अशी यायची: "दिवाळीच्या मु... सावली". मधलं गेलं.

आम्ही तिघी बहिणी तशीच म्हणायला शिकलो. खेळताना, झोपाळ्यावर, सगळीकडे "दिवाळीच्या मुसावली". धाकटीला तर मुसावली हे एखाद्या फराळाच्या पदार्थाचं नाव वाटायचं. शाळेत स्पर्धेत तिने तशीच म्हटली, बाईंनी थांबवलं.

काळी_दोन

तांत्रिक माहिती: कॅसेटची फीत सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे तुमच्या आईंनी पाच-सहा सेंटिमीटर कापली असणार. आणि एकाच फितीवर दोन्ही बाजू असतात, त्यामुळे उलट्या बाजूलाही तेवढाच तुकडा कुठेतरी गेला असेल. तिथे काय गेलं?

जात्यावरची

अय्या. हे कधी लक्षातच आलं नाही. कॅसेट आहे अजून, आईच्या पेटीत. शोधते.

तंबोरा_जुळेना

"दिवाळीच्या मुळा लेकी आसावली". मूळ म्हणजे माहेराहून न्यायला येणारा माणूस. लेक सासरी त्याची वाट बघते आहे. पण 'मुसावली'ही राहू द्या.

जात्यावरची

आता माहीत आहे. मोठी झाल्यावर कळलं. तरी परवा दिवाळीला तिघी भावाकडे जमलो तेव्हा चकल्या तळताना तोंडातून तेच निघालं, एकदम तिघींच्या. भाची विचारते, मुसावली म्हणजे काय गं आत्या? आम्ही तिला चकलीच दिली.

पेन्सिलवाली

🙏

बी_बाजू

धाग्याचं भलं झालं. इतके नवे अल्बम मिळाले की या महिन्यात ऑफिसचं काम होणार नाही. लेकीने मेडन आधी ऐकायला घेतलंय, माझ्या डोळ्यादेखत. शफल बंद केलं का विचारलं तर म्हणाली, "एकच गाणं ऐकतेय, ते चौदा मिनिटांचंच आहे."

जात्यावरची

कॅसेट सापडली. जोड अजून शाबूत आहे, सेलोटेप पिवळा पडलाय. पण टेपरेकॉर्डर लावला तर मोटरचा आवाज येतो, चाकं फिरत नाहीत. उलट्या बाजूला काय गेलं ते ऐकायचंय. कुणी दुरुस्त करणारं माहीत आहे का? मी पुण्यात असते.

काळी_दोन

बेल्ट गेलाय. रबर सैल पडतं किंवा वितळून चिकटतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचारा. नाहीच मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड. जुना बेल्ट तुटका असला तरी सोबत न्या, मापाला लागतो. आणि कॅसेट लावण्याआधी पेन्सिलने दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे जोडावर ताण येणार नाही.

पेन्सिलवाली

पेन्सिल मी आणते. कधी जायचं?